पाहुण्याने उत्तरेकडे पाहावे

मुंबईस येणारा पाहुणा पूर्वी गिरगाव-परळकडे एखाद्या नातलगाच्या बिऱ्हाडी उतरत असे. आता त्याचा मुक्काम बहुधा उपनगरातील एखाद्या हॉटेलात पडतो. बडोद्याहून आणि इंदुराहून येणाऱ्या गाड्या बोरिवलीस थांबतात. बेळगाव, हैदराबाद किंवा गोव्याकडील प्रवासी दादरला अथवा ठाण्याला उतरून उपनगराची वाट धरतो. विमानाने येणाऱ्याचा पायही बहुधा प्रथम उपनगरालाच लागतो. निमित्त कधी लग्नकार्याचे असते, कधी मुलाच्या मुलाखतीचे, तर कधी आप्ताच्या आजारपणाचे. काम आटोपते आणि एक-दोन दिवस हाती उरतात. मग घरातील मुले म्हणतात, ‘आता मुंबई पाहू या.’

‘मुंबई पाहणे’ याचा अर्थ मात्र ठरून गेलेला आहे. गेटवे ऑफ इंडिया, राणीचा बाग, मलबार टेकडीवरील बागा आणि शेवटी गिरगावची चौपाटी. ही स्थळे पाहण्याजोगी नाहीत, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु उपनगरातून निघालेला पाहुणा सकाळचे दोन तास मोटारींच्या रांगेत घालवतो, संध्याकाळचे दोन तास तसेच घालवतो, आणि रात्री मुक्कामी परततो तेव्हा मुलांच्या स्मरणात समुद्रापेक्षा सिग्नलचे तांबडे दिवेच अधिक राहिलेले असतात. आणि ज्या भूमीवर त्याने दोन रात्री काढल्या, ती मात्र त्याने पाहिलेलीच नसते. उपनगर म्हणजे केवळ झोपण्याची जागा, ही समजूत त्याच्या मनात घट्ट बसलेली असते. या समजुतीत तथ्य किती?

इतिहास या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो. ज्याला आज मुंबई शहर म्हणतात, तो दक्षिणेकडील भाग म्हणजे मूळची सात बेटे. इ. स. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगीजांनी ती इंग्रजांस देऊ केली आणि त्यानंतर तेथे शहर वाढले. त्यांच्या उत्तरेस साष्टी नावाचे मोठे बेट होते. वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली ही आजची उपनगरे याच साष्टीवर वसली आहेत. दक्षिणेस शहर उभे राहण्यापूर्वी दीड हजार वर्षांहून अधिक काळ साष्टीच्या डोंगरांत लेणी खोदली जात होती, विद्यार्थी शिकत होते, व्यापारी दानधर्म करीत होते. तेव्हा वयाचा विचार केला तर शहर हेच उपनगराचे धाकटे भावंड ठरते.

उपनगरात उतरलेल्या पाहुण्याने उत्तरेकडे वळण्याचा व्यवहारी लाभही मोठा आहे. सकाळी लोकलची सारी गर्दी चर्चगेटच्या दिशेने लोटते. विरारकडे जाणाऱ्या गाडीत त्या वेळी बहुधा बसावयास जागा मिळते. संध्याकाळी हाच ओघ उलट वाहतो. म्हणजे उत्तरेकडील सहलीला निघालेला पाहुणा जाताना गर्दीच्या विरुद्ध जातो आणि परततानाही विरुद्धच येतो. म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असली, म्हणजे या एका गोष्टीचे मोल पुरेपूर कळते.

पहिला पूर्ण दिवस कान्हेरीस द्यावा. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे हे अरण्य महानगराच्या कुशीत आहे, हेच आधी नवल! विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच अरण्यात असून मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा काही भाग आजही तेथून येतो. प्रवेशद्वारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. सोमवारी उद्यान बंद असते, हे मात्र आधीच ध्यानात ठेवावे. अनेक पाहुणे दारापर्यंत जाऊन परत फिरतात.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी. काळ्या पाषाणाच्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांचे खोदकाम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झाले आणि जवळजवळ हजार वर्षे हे स्थान नांदते राहिले. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातले. सुमारे ८६ फूट लांबीच्या त्या दालनात चौतीस स्तंभ आहेत, आणि बाहेरच्या ओवरीत दोन्ही बाजूंस वीस फुटांहून उंच अशा दोन बुद्धमूर्ती शांतपणे उभ्या आहेत. परंतु मूर्ती पाहून लगेच परतू नये. वर चढत जावे आणि प्रत्येक विहाराशेजारी खोदलेली पाण्याची टाकी पाहावी. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी चर खोदून या टाक्यांत उतरवलेले आहे. शेकडो भिक्षूंच्या वस्तीला येथे बारमाही पाणी कसे पुरत असेल, हे कोड्यात टाकणारे गणित त्या चरांकडे पाहताच सुटते.

येथील शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. आणि ते दाते केवळ राजे नव्हेत. कल्याणच्या एका लोहाराने येथे पायवाट बांधून दिली, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याने पाण्याची पोढी दिली, अशा नोंदी दगडात कोरलेल्या आहेत. ज्या पायऱ्यांवरून पाहुण्याची मुले धावत सुटतात, त्यांच्या आसपास कुठेतरी त्या लोहाराची पायवाट आहे. राजाने चैत्यगृह दिले तर त्याचे विशेष नाही. लोहाराने वाट दिली, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे. आणखी एक मौज अशी की, इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षी येथे आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे येथे कोरून ठेवली आहेत. हजार वर्षांपूर्वीचे हे सहलीकर परधर्मीयांचे स्थान पाहावयास मुद्दाम डोंगर चढून आले होते. त्यांची नावे आज इतिहासाचे साधन झाली आहेत. मात्र आजच्या पाहुण्याने खिळ्याने आपले नाव कोरले तर ती केवळ नासधूस होय.

अर्धाच दिवस हाती असेल आणि मुक्काम अंधेरीकडे असेल, तर महाकाली अथवा कोंडिविटे लेणी जवळ पडतात. ती एकोणीस आहेत. त्यांतील नवव्या लेण्यात एक अपूर्व रचना आहे. आतल्या बाजूस दगडातच एक गोल कुटी कोरलेली असून तिला जाळीच्या खिडक्या आहेत, आणि त्या कुटीत स्तूप आहे. गवताने शाकारलेली पर्णकुटी पाषाणात कशी उतरली, हे येथे प्रत्यक्ष दिसते. त्याच बाजूस जोगेश्वरीचे सहाव्या शतकातील विशाल शैव लेणे आहे. स्थानकाला आणि उपनगराला नाव देणाऱ्या या लेण्यास चोहोबाजूंनी वस्तीचा वेढा पडला आहे. रोज लक्षावधी लोक ‘जोगेश्वरी’ हा शब्द उच्चारतात, पण त्यांपैकी किती जण ती जोगेश्वरी पाहून आले असतील? कायद्याने जपलेले स्मारकही लोकांची ये-जा नसली म्हणजे पोरके होते. पाहुण्याची पावले अशा ठिकाणी वळली, तर तो पाहणारा तर होतोच, शिवाय नकळत राखणदारही होतो.

दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या पश्चिमेस असलेल्या मंडपेश्वरास जावे. स्थळ लहानसे आहे, परंतु या सगळ्या सहलीचे मर्म तेथे साठवले आहे. मूळचे हे शैव लेणे. आत नृत्यमग्न शिवाचे शिल्प आहे. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांकडे गेल्यावर फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी या लेण्याचे चर्च केले आणि वरच्या बाजूस मठ व विद्यालय उभारले. पुढे इ. स. १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली. आज वर मठाच्या भग्न भिंती उभ्या आहेत, खाली गाभाऱ्यातील शिवलिंगावर फुले वाहिलेली असतात, आणि लेण्याच्या एका भिंतीवर त्या काळी कोरलेला क्रूसही तसाच आहे. एकाने दुसऱ्याच्या श्रद्धास्थानावर आपली मुद्रा उठवली, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. ते न्याय्य होते, असेही म्हणवत नाही. परंतु आज लिंग आणि क्रूस एकाच छताखाली, काही पावलांच्या अंतरावर, एकमेकांस न खटकता आहेत, हेही तितकेच सत्य आहे. मुलांना ही दोन्ही सत्ये एकत्र सांगता आली पाहिजेत. त्यांतील एकच सांगणारा मार्गदर्शक त्यांना अर्धेच लेणे दाखवतो.

तेथून गोराईची खाडी दूर नाही. खाडी लाँचने ओलांडून किंवा भाईंदरवरून रस्त्याने पलीकडे गेले की विश्व विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस दिसू लागतो. इ. स. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूच्या घुमटाखाली एकही आधारस्तंभ नाही. दगडात दगड अडकवून रचलेल्या त्या छताखाली सुमारे आठ हजार साधक ध्यानास बसू शकतात. कान्हेरीच्या भिक्षूंनी डोंगर पोखरून पोकळी निर्माण केली. येथे दगडावर दगड चढवून पोकळी निर्माण केली आहे. दोन्हींचा हेतू मात्र एकच, तो म्हणजे मनुष्याने काही काळ निःशब्द बसावे.

तिसरा दिवस असेल तर तो वसईचा. लोकल भाईंदरची खाडी ओलांडते, मध्ये पाणजू बेटाची हिरवळ दिसते, आणि साष्टी मागे पडते. वसई रोड स्थानकावरून बसने अथवा रिक्षाने किल्ल्यात जाता येते. गुजरातच्या बहादुरशहाने इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांस दिली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती दीर्घ वेढ्यानंतर जिंकली. तटाच्या आत आता ताडामाडांच्या सावलीत छप्पर गेलेल्या चर्चच्या उंच भिंती उभ्या आहेत, आणि नागेश्वराचे मंदिर आहे. जवळच चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. येथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या; त्यांपैकी काही आजही नाशिकच्या नारोशंकराच्या देवळासारख्या ठिकाणी टांगलेल्या आहेत. घंटेने धर्म बदलला, नाद तोच राहिला.

आणि तहाच्या वेळी, जे ख्रिस्ती येथे राहू इच्छितील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. म्हणूनच वसईचा ख्रिस्ती समाज आजही वसईतच आहे आणि मराठीतच प्रार्थना करतो. जपानमध्ये नागासाकी येथे इ. स. १५९७ मध्ये क्रूसावर प्राण देणारे संत गोन्सालो गार्सिया हे मूळचे वसईचेच. इ. स. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही याच वसईच्या मातीतले, इ. स. २०२४ मध्ये ते निवर्तले. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे राहून पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या कुटुंबाला या समाजाविषयी विशेष आपुलकी वाटेल, कारण राज्यकर्ते बदलले तरी घरातील भाषा कशी टिकते, हे दोघांनाही ठाऊक आहे. परतताना वसईची सुकेळी विकत घ्यावी. उन्हात सुकवलेल्या त्या केळ्यांची गोडी घरी पोचेपर्यंत टिकते.

वेळ उरल्यास पुढचेच स्थानक नालासोपारा. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. येथील बुरूड राजाचा कोट नावाच्या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इ. स. १८८२ मध्ये उत्खनन केले, तेव्हा तो स्तूप असल्याचे निष्पन्न झाले. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि सभोवार आठ लहान मूर्ती निघाल्या. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यास मिळाला. तो तुकडा दक्षिण मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, आणि स्तूपातील वस्तू एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. म्हणजे गेटवेची सहल टाळावी असे मुळीच नाही. ती शेवटी करावी, एवढेच. सोपारा पाहून आलेल्या मुलाला गेटवेजवळच्या त्या वस्तुसंग्रहालयातील तो तुकडा नुसता दगड वाटणार नाही.

कामाचे दिवस संपतात. बडोद्याकडील अथवा इंदूरकडील पाहुणा बोरिवलीस गाडीत बसतो. गाडी खाडीचा पूल ओलांडते. वसई आणि नालासोपारा ही स्थानके न थांबता मागे पडतात. येताना ती केवळ नावे होती. आता खिडकीशी बसलेली धाकटी मुलगी भावाला सांगू लागते की, या गावच्या एका व्यापाऱ्याने दूर तिकडे डोंगरावर, आपल्याला तहान लागेल म्हणून, पाण्याचे टाके खोदून ठेवले होते.