‘सत्सार’चा दुसरा अंक
(गांवच्या वाचनालयांत केलेलें भाषण)



आज आम्ही जो अंक वाचायला आणला आहे तो जाडजूड नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’ काढलें, आणि त्याचे दोनच अंक निघाले. हा दुसरा. आमच्या हातीं मूळ छापील प्रत नाहीं. १९६९ सालीं धनंजय कीर व स. गं. मालशे यांनीं जोतीरावांचें समग्र वाङ्मय संपादिलें, त्यांतून तो आम्ही वाचतों.

कोणी म्हणेल, मास्तर, वाङ्मयाचीं मासिकें म्हणजे ‘विविधज्ञानविस्तार’, ‘निबंधमाला’. या चोपड्याला त्या पंक्तीला कोण बसवील? खरेंच आहे, कोणी बसविलें नाहीं. ‘निबंधमाले’नें तर जोतीरावांच्या पुस्तकांची टर उडविली, आणि तीहि व्याकरणाच्या चुका काढून. १८८५ सालींच पुण्यांत मराठी ग्रंथकारांची सभा भरली. रानड्यांनीं जोतीरावांना बोलावणें धाडलें, जोतीरावांनीं येत नाहीं म्हणून उत्तर दिलें. कुणब्यामाळ्याला माणूस म्हणून जे जागा देत नाहींत, त्यांच्या ग्रंथांशीं आमचें जमायचें कसें, असा त्या उत्तराचा रोख होता. तेव्हां ‘सत्सार’ हातीं घेतांना पानें मोजूं नयेत. लिहिणारा कोणाच्या वतीनें बोलतो तें पाहावें.

या अंकांत तो ताराबाई शिंदे यांच्या वतीनें बोलतो. ताराबाई बुलढाण्याच्या, मराठ्याच्या घरच्या. १८८१ सालीं सुरतेकडे विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें वरच्या कोर्टानें ती कमी केली. त्यावरून वर्तमानपत्रांनीं सरसकट बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलें. तिला त्या दशेला नेणारा पुरुष कोण, हें मात्र कोणी विचारलें नाहीं. तें ताराबाईंनीं विचारलें. १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत त्यांचें ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापलें, किंमत नऊ आणे. जे जे दोष बाईच्या माथीं मारतात ते पुरुषाच्या अंगीं किती आहेत, याचा त्यांत रोखठोक हिशेब आहे.

आतां अडचणीची गोष्ट, आणि ती आम्ही झांकून ठेवणार नाहीं. या बाईवर उठलेले सगळेच भट नव्हते. आपल्याच सत्यशोधक मंडळींतील कांहीं पुरुषांना तें पुस्तक झोंबलें. भटजीनें आपल्याला हीन म्हटलें तर आपला संताप होतो. पण चुलीपुढची बाई तोच हिशेब आपल्यापुढें मांडूं लागली कीं आपण म्हणतों, हिची जीभ फार चालली! जोतीरावांनीं सोबत्यांची भीड न धरतां हें त्यांना छापून सुनावलें. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या तेव्हां देशभर ओरड झाली. ‘सत्सारां’त त्यांचीहि बाजू घेतलेली आहे. परक्याला चार शब्द सुनावणें सोपें; रोज मांडीला मांडी लावून बसणाऱ्याला सुनावणें अवघड, हें ज्यानें गांवांत पंचाईत केली आहे त्याला सांगायला नको.

आणि एवढें होऊनहि काय झालें? ताराबाईंचें दुसरें पुस्तक कोणाच्या हातीं लागलेलें नाहीं. जें होतें तेंहि विस्मृतींत गेलें, तें १९७५ सालीं मालशांनीं पुन्हां छापून काढलें. मध्यें त्र्याण्णव वर्षें गेलीं! आमच्या शाळेंत मुलींचें अक्षर मुलांपेक्षां वळणदार असतें. लग्न झालें कीं तें बचतगटाच्या वहींत आंकडे मांडण्यापुरतें उरतें. ताराबाईंची लेखणी कां थांबली हें आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं, पण या मुलींची कां थांबते हें इथें बसलेल्या प्रत्येक बापाला ठाऊक आहे.

मागल्या खेपेस एकानें विचारलें, हें बायांसमोर कशाला वाचायचें, घरांत भांडणें लागतील. लागोत. भांडणें आजहि आहेतच. फरक एवढाच कीं त्यांत एकच बाजू बोलते.

पुढच्या बुधवारीं ताराबाईंचेंच पुस्तक लावूं. सुतारवाड्यांतल्या दोघी मुली आळीपाळीनें वाचायला तयार झाल्या आहेत. त्यांच्या बापांचेंहि अनुमोदन आम्हीं घेतलें आहे. बायांनीं पुढें बसावें, पुरुषांनीं मागें. वाचनालयाची सतरंजी एकच आहे, तेव्हां बसायला घोंगडी घरून आणावी.