आरोग्यतज्ज्ञांची संघटना कोणासाठी?

(खामगाव येथील भाषणाचा मजकूर)



मी अर्थशास्त्राचा माणूस. वैद्यकातले मला फारसे कळत नाही. परंतु सार्वजनिक आरोग्य हा अर्थकारणाचाही विषय आहे, म्हणून हे धाडस करतो.

डॉक्टरने ताप उतरवला, तर रोगी त्याला फी देतो. गावच्या विहिरीचे पाणी वेळीच शुद्ध करून ज्याने शंभर घरांतील पटकी टाळली, त्याला फी कोण देणार? न झालेल्या आजाराला रोगीच नसतो. हे काम बाजार करीत नाही. ते समाजाला शासनामार्फत करून घ्यावे लागते. साहजिकच आपल्याकडील बहुतेक आरोग्यतज्ज्ञ शासकीय सेवेत किंवा वैद्यकीय महाविद्यालयांत असतात, आणि खरी गोम येथेच आहे. ज्याच्या कारभारावर बोट ठेवायचे, तोच पगार देणारा!

म्हणूनच त्यांच्या संघटनेला महत्त्व आहे. इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन १९५६ साली स्थापन झाली. प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या अध्यापकांची संघटना १९७४ साली निघाली. त्या अधिवेशने भरवतात, नियतकालिके चालवतात. हे काम आवश्यकच आहे. पण ते इंग्रजीत चालते, आणि आपल्या गावापर्यंत त्यातले काही पोचत नाही.

शेजारच्या शेगाव तालुक्याकडे पाहा. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडू लागले. तरुण मुलामुलींना चारचौघांत तोंड दाखवणे कठीण झाले. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीला, कोणी पाण्याला. जानेवारीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांच्या रक्तात व केसांत सेलेनियमचे प्रमाण वाढल्याचे जाहीर करून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले.

गव्हाचे नाव निघताच प्रश्न त्वचारोगाचा राहिला नाही. धान्याची खरेदी, तपासणी आणि वाटप यांचा झाला. हातावर पोट असलेला माणूस रेशनचा गहू नाकारू शकत नाही. अशा वेळी तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने एकट्याने तोंड उघडावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. बदलीचा कागद निघायला कितीसा वेळ लागतो? त्याच्या पाठीशी संघटनेने उभे राहावे, स्वतःचे पथक पाठवावे, आणि जे आढळेल ते — अपुरे असले तर अपुरे म्हणून — मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावे. कारण जेथे माहिती मिळत नाही, तेथे अफवेचे फावते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मरण पावले. मजुरांनी मुखवटे, हातमोजे वापरले नाहीत, असे तेव्हा सांगण्यात आले. विदर्भाच्या उन्हात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत ते घालून कोण किती वेळ फवारू शकतो, हे सांगण्याचे काम आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेचे नव्हे, तर कोणाचे?

२०१७ च्याच राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र सेवावर्ग असावेत, अशी शिफारस केली. संघटनांनी ती अवश्य लावून धरावी. पण त्या मागणीत केवळ पदे आणि वेतनश्रेणी असतील, तर लोक पाठीशी येणार नाहीत. आपल्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, लोक वर्षानुवर्षे खारे पाणी पीत आले आणि मूत्रपिंडाच्या विकाराने खंगत आले. एखादे वार्षिक अधिवेशन तेथे भरवा. निवासाची सोय बेताची होईल. प्यायला मात्र तेथलेच पाणी ठेवा.