शेततळ्यातल्या माशांना घरची ढेप

बुलढाणा जिल्हा आणि मासे म्हटले, की कोकणातली मंडळी हसतात. पण नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा या आमच्या धरणांत मासेमारी चालते आणि 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यानंतर शेततळ्यांतही रोहू-कटला दिसू लागले. अडचण आहे ती खाद्याची. मत्स्यशेतीचा निम्म्याहून अधिक खर्च त्यातच जातो.

खाद्यात प्रथिनांसाठी समुद्रातल्या लहान मासळीची भुकटी घालण्याची जुनी रीत आहे. तिकडे पेरूच्या किनाऱ्यावर मासळी कमी सापडली, की भुकटीचा भाव जगभर चढतो. रोहू, कटला, मृगळ हे काही शिकारी मासे नव्हेत. त्यांना मासळीच हवी असे नाही. 25 ते 30 टक्के प्रथिने हवीत.

सोयाबीनच्या ढेपेत ती 45 टक्क्यांच्या आसपास असतात. मात्र कच्चे सोयाबीन दळून तळ्यात टाकू नका. कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिने पचूच देत नाही. तो उष्णतेनेच जातो. सरकीच्या ढेपेची गोष्ट निराळी. तिच्यात गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. गाय-म्हैस रवंथ करणारी, तिला ते बरेचसे पचते. माशाला ती सोय नाही, त्याची वाढ खुंटते. म्हणून दहा किलोंत मी पाच किलो सोयाबीनची ढेप, एकच किलो सरकीची आणि उरलेला गव्हाचा कोंडा व तुरीची चुरी घेतो. वर मूठभर खनिज मिश्रण हवेच, कारण धान्यातला स्फुरद माशाला नीट मिळत नाही. प्लॅस्टिकच्या तळ्यात तर मातीच्या तळ्यासारखे शेणखतावर वाढणारे शेवाळ-किडे बेताचेच, त्यामुळे सारी भिस्त याच खाद्यावर.

हे पाण्यात फेकू नये. आंध्रात खताच्या रिकाम्या पोत्याला खालून भोके पाडतात, त्यात खाद्य भरून पोते बांबूला टांगतात. मासे टोचून टोचून खातात. दोन-तीन तासांनी पोत्यात खाद्य उरले, तर दुसऱ्या दिवशी कमी भरायचे. उरलेली ढेप कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. ढगाळ दिवशी, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्या दिवशी पोते रिकामेच ठेवा आणि आधी ताजे पाणी सोडा.