अंगातली राखण आणि गुळवेल
(काठी येथील बैठकीतील भाषण)



ज्वारी हुरड्यात आली की आपण माळ्यावर राखणदार बसवतो. पाखरू कुठल्या रानातलं, हे तो विचारत नाही. थवा उतरला की गोफण फिरवतो. आपल्या अंगातही असे राखणदार जन्मापासून असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या. जंतू दिसला की गिळायचा, मारायचा. लशीने शिकवलेली राखण वेगळी. ती मागाहून येते.

झाडपाल्याने हे राखणदार जागे होतात का? होतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 1993 साली छापून आला. पित्ताची नळी तुंबून कावीळ झालेले 30 रोगी होते. नेहमीचे उपचार सगळ्यांना. निम्म्यांना वर गुळवेल. यकृताचं काम दोन्हीकडे सारखंच राहिलं. पण पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद परतली ती गुळवेलवाल्यांचीच. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्यातले 92 टक्के जगले, दुसऱ्या गटातले 40. माणसं थोडी होती हे खरं, पण फरक लहान नाही.

पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने याच वेलाच्या खोडातून लांब साखळीची एक साखर वेगळी काढली. जंतूची साल ओळखायला पेशीवर जे कुलूप असतं, त्यालाच ही साखर किल्लीसारखी लागते. जंतू नसतानाही राखणदार उठतो.

म्हणून रोज पेला भरून काढा प्या, असं मात्र आम्ही सांगणार नाही. करोनाच्या साथीत लोक तसे प्यायले. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईत 6 जणांचं यकृत बिघडलेलं आढळलं. 2022 साली देशातल्या 13 रुग्णालयांनी मिळून 43 रोगी नोंदवले. पुष्कळांच्या यकृतावर त्यांच्याच राखणदारांनी हल्ला केल्याची चिन्हं होती. गोफण आपल्याच कणसांवर! आयुष मंत्रालयाने 2021 साली म्हटलं की तो वेल दुसरा, दिसायला सारखा असावा. असेल. पण बाजारच्या पुडीतली भुकटी कुठल्या वेलाची, हे आपण कसं ओळखणार?

आणि पोटात भाकरीबरोबर डाळ नसेल तर राखणदारच लुळा पडतो. तिथे काढा काय करील? ताप आला तर आधी रक्त तपासून घ्या, मलेरिया काढ्याने जात नाही. पोरांची लस चुकवू नका. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर काढा बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि काय प्यायलो ते डॉक्टरांना सांगा.