खोडापासून सडकेपर्यंत : वनांतील ओढकामाचीं जनावरें

नागपूरच्या पूर्वेस कळमना आहे. हें नांव उच्चारलें कीं आज संत्र्यांचे ढीग, मिरचीचीं पोतीं आणि मालमोटारींच्या रांगा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. तेथून शहराकडे वळलें म्हणजे लकडगंज लागतें, आणि हें नांवच सांगतें कीं ही लाकडाची पेठ. त्या पेठेंत येणारा सागाचा ओंडका सडकेनें किंवा लोहमार्गानें किती कोस आला, हें पावतीवरून समजतें. परंतु त्याच्या प्रवासाचा पहिला टप्पा कोणत्याच पावतीवर लिहिलेला नसतो. झाड पडतें तें रानांत, मोटार उभी राहते ती सडकेवर. मध्यें फर्लांग-दोन फर्लांगांचें अंतर, झुडपें, दगड आणि नाले. लाकूडकामांतील खरी मेहनत व खरा धोका या एवढ्याशा अंतरांत सांठलेला आहे.

युरोपांत हें अंतर घोड्यानें तोडलें. आर्देन, पर्शरॉन यांसारख्या भारी जातींचे घोडे तेथील वनांत अजूनहि कोठें कोठें ओंडके ओढतात, आणि यंत्राच्या चाकांनीं माती दबते हें ध्यानांत आल्यावर कांहीं वनमालकांनीं त्यांना मुद्दाम परत बोलाविलें आहे. हीं चित्रें पाहून एखाद्या सुशिक्षित तरुणाच्या मनांत आपणहि घोडा घेऊन रानांत उतरावें असें आलें, तर त्यांत नवल नाहीं. मात्र नागपूरच्या घोड्याचा इतिहास टांग्याचा आहे. टांग्याचें तट्टू हलकें, गुळगुळीत सडकेवर दुडक्या चालीनें धांवणारें. ओंडका मागतो वजन, थंड डोकें आणि मंद पाऊल. शिवाय भारी घोड्याला दाणा रोज लागतो, आणि त्याचा खांद्यावरील गादीदार कंठा मापानें शिवून घ्यावा लागतो. माप चुकलें कीं खांदा सोलून निघतो. बैलाचें तसें नाहीं. वशिंडापुढें जूं ठेविलें कीं त्याचा साज बहुतेक पुरा झाला, आणि तें जूं गांवचा सुतार करून देतो.

म्हणून या प्रदेशांत ओढकामाचा विचार बैलापासून व हेल्यापासूनच सुरू केला पाहिजे. वर्धा, नागपूर आणि छिंदवाडा या पट्ट्यांतील गवळाऊ बैल पांढरा, सडपातळ आणि चालीला चलाख. बंडीला जुंपला तर पाहण्यासारखा. नागपुरी म्हशीच्या जातीचा नर, ज्याला येथें हेला म्हणतात, तो तलवारीसारख्या लांब शिंगांचा, संथ, पण जड ओढीला भरंवशाचा. बैलाला ऊन सोसतें. हेल्याला सोसत नाहीं. त्याला पाण्यांत किंवा चिखलांत डुंबावयास मिळालें नाहीं तर तो भर वैशाखांत खालीं बसतो आणि मग पराणीनेंहि उठत नाहीं. ज्या रानाजवळ पाणी नाहीं तेथें हेला नेणारा मनुष्य स्वतःचेंच नुकसान करतो.

दक्षिणेस, आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या सागवनांत, हें काम हत्तीवर गेलें. आलापल्लीच्या परिसरांत वनखात्यानें ओंडके ओढण्यास व रचण्यास हत्ती पाळले. यंत्रें आलीं आणि हत्तींचें काम सरलें. अहेरी तालुक्यांतील कमलापूरची हत्तींची छावणी आज प्रवाशांच्या कौतुकाचा विषय आहे. तेथील कांहीं हत्ती गुजरातेंत जामनगरकडे नेण्याची गोष्ट २०२२ सालीं निघाली, तेव्हां भोवतालच्या लोकांनीं विरोध केला. काम संपलें तरी नातें संपलेलें नव्हतें. असो. हत्ती हा खासगी मनुष्याच्या आवाक्यांतील विषय नव्हे.

एक साधा हिशेब मात्र आरंभींच करावा. जनावर दिवसभर सावकाश काम करतें तेव्हां आपल्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी ओढ देतें. चारशे-चारशे किलोंचे दोन बैल धरले तर जोडीची सततची ओढ ऐंशी किलोंच्या घरांत येते. क्षणभर जोर लावून ते याच्या कित्येक पट ओढतील, पण तो जोर क्षणाचाच. जमिनीवरून घसटत जाणारा ओंडका आपल्या वजनाच्या निम्मी किंवा त्याहूनहि अधिक ओढ मागतो. सहा मीटर लांब आणि पंधरा सेंटिमीटर जाडीचा हिरवा सागाचा वासा शंभर किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे जोडीला तो सहज झेपतो. त्याच्या चौपट जड बुंधा झेपत नाहीं. ओंडक्याचें पुढचें टोक दोन चाकांच्या लहान गाड्यावर उचलून बांधलें तर घर्षण पुष्कळ कमी होतें आणि तीच जोडी बरेंच अधिक नेते. परंतु नवशिक्यानें महावृक्षाकडे न पाहतां विरळणीच्या वाशांकडे पाहावें हें उत्तम. सागाची लागवड पुष्कळ ठिकाणीं दोन दोन मीटरांवर केलेली असते. अशा रांगांतून ट्रॅक्टर शिरला तर राखावयाचीं झाडेंच सोलून निघतात. बैल मात्र वाट काढतो.

जनावराच्या शिक्षणास घाई चालत नाहीं. शेतांत चांगला चालणारा बैल रानांत भितो, कारण त्याच्या पाठीमागें कांहीं तरी खडखडत, झुडपें मोडीत येत असतें. प्रथम रिकामी सांखळी, मग हलकी फांदी, मग वासा, अशी पायरी असावी. ओढण्यापेक्षां अवघड धडा उभें राहण्याचा आहे. मनुष्य वांकून ओंडक्याला सांखळी घालीत असतां जनावर एक पाऊल पुढें गेलें तर बोटें चेंगरतात. न सांगतां निघणारा बैल कितीहि बळकट असला तरी या कामास नालायक समजावा. हांकणाऱ्यानेंहि ओंडका आणि उभें झाड यांच्या मध्यें किंवा उतारावर ओंडक्याच्या खालच्या बाजूस कधीं येऊं नये. तीव्र उतारावर सैल सांखळीचा ओंडका घसरून जनावराच्या मागच्या पायांवर येतो. असा उतार टाळून आडवी वाट काढावी.

रानांत शिरण्यापूर्वीं कायदा माहीत असावा. राखीव वनांत कोणतें झाड केव्हां पडावयाचें हें खात्याच्या कार्ययोजनेंत ठरतें, कुपांची आंखणी होते, आणि लाकूड वाहतुकीच्या परवान्याशिवाय हलत नाहीं. महाराष्ट्राच्या वन विकास महामंडळाची स्थापना १९७४ सालीं झाली व त्याचें मुख्य ठाणें नागपुरांतच आहे. स्वतःच्या बैलजोडीवर मजुरी मिळवूं पाहणाऱ्यास अशा संस्थेचें किंवा जंगल कामगारांच्या सहकारी संघाचें दार ठोठवावें लागतें.

येथें खरा प्रश्न बैलाच्या जगण्याचा आहे. पेरणी व वखरणी ट्रॅक्टरकडे गेल्यापासून जोडी पोसणें शेतकऱ्यास जड झालें आहे. चारा बारा महिने, काम मोजके दिवस. गवळाऊसारख्या जातीची शुद्ध जोडी शोधावी लागते ती यामुळेंच. लाकूडतोडीचा हंगाम पावसाळ्यानंतर, शेतांतील बैल मोकळा असतांना येतो. विरळणीचें थोडें काम जरी जोडीस मिळालें, तरी वैरणीचा कांहीं भाग निघतो. सगळा निघेल असें कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांसाठीं केंद्र सरकारनें १९६५ सालीं केलेले नियम यास लागू धरावेत. दिवसांत एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवांचून पांच तासांहून अधिक काम नाहीं. आणि पारा सदतीस अंशांवर असतां दुपारीं बारा ते तीन जुंपणें नाहीं. नागपुराकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बहुधा सदतिसाच्या वरच असतो. म्हणून उजाडण्यापूर्वीं जूं ठेवावें, नऊ-दहाच्या सुमारास सांखळी सोडावी, बैल सावलींत बांधावा आणि हेला पाण्यांत सोडावा. उरलेले वासे दुसऱ्या दिवशीं पहाटे.