मास्तर नारायण सुर्वे

(कवीच्या स्मृतिदिनी कोलाड येथे केलेले भाषण)



कवी नारायण सुर्वे दीर्घ आजारानंतर ता. १६ ऑगस्ट २०१० रोजी ठाणे येथे निवर्तले. उतारवयात त्यांचे बिऱ्हाड आपल्याच जिल्ह्यात, नेरळला होते. ते १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, १९९८ साली त्यांस पद्मश्री मिळाली; हे सर्वांस ठाऊक आहे, त्याचा पाढा आम्ही वाचीत नाही. आम्ही पडलो शाळामास्तर. आमच्याच धंद्यातल्या या माणसाकडे आम्ही शाळेच्या पटावरून पाहणार.

१९२६ च्या सुमारास मुंबईच्या गिरणगावात टाकून दिलेले एक मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले. त्यांची बायको काशीबाई, तीही गिरणीत राबणारी. या जोडप्याने पोराला आपले नाव दिले व शाळेत घातले. त्याचे कुळ कोणते, गोत्र कोणते, हे विचारावयास ते कोणा शास्त्र्याकडे गेले नाहीत!

पुढे गंगाराम कामावरून निवृत्त होऊन गावी गेले आणि चौथी शिकलेले पोर मुंबईत उघडे पडले. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार, मिळेल ते काम त्याने केले. मग तो महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला, आणि मोठेपणी परीक्षा देऊन मास्तर झाला. १९६२ साली त्याचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह निघाला. कीर्ती झाली तरी मास्तरपण सुटले नाही. पत्नी कृष्णाबाईंनी आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव ‘मास्तरांची सावली’.

त्यांच्या एका कवितेत एक आई मुलाला शाळेत घालावयास येते. बापाच्या नावाचा रकाना आला की ती मास्तरांनाच त्यांचे स्वतःचे नाव तेथे लिहावयास सांगते. सज्जनहो, तो रकाना आम्ही दरवर्षी भरतो. म्हणून ही कविता आम्हांस नुसती गोड लागत नाही, बोचते.

आता आपल्या गावाकडे पाहा. दिवाळी सरली की आपल्या तालुक्यातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. आईबाप वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, पोरे त्यांच्यामागे. पावसाच्या तोंडी ती परत येतात, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. मग आपणच म्हणतो, यांना शिक्षणाची आवडच नाही! आवड नाही की जागा नाही? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा बदलण्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. कायदा झाला, पण भट्टीवर जाऊन पोराचा हात धरणारे गंगाराम कोठे आहेत?

सुर्व्यांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. आमचे मागणे वेगळे आहे. वाडीतले बिऱ्हाड हलणार असे कळताच शाळेला कळवा. भट्टी कोठे, मुकादम कोण, जवळची शाळा कोणती, एवढे सांगा. दाखला आम्ही त्याच दिवशी हातात देऊ. शक्य असेल त्याने ते पोर मागे आपल्या घरी ठेवून घ्यावे. आणि जूनमध्ये जे परत येईल त्याला मागच्या भिंतीशी न बसविता पुढे घ्यावे, हे आम्हा मास्तरांचे काम.

गंगारामांनी त्या दिवशी नजर फिरविली असती, तर आज आपण कोणाची आठवण काढली असती?