चाळीस टक्के आणि पन्नास हजार



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता अधिक झाले. तेव्हा आज एका अर्जाविषयीच बोलू.

खांदेश्वर स्टेशनभोवतीच्या इमारती ज्यांनी बांधल्या, त्यांतला एक गवंडी परांचीवरून पडला. कमरेखालचे बळ गेले. ठेकेदाराच्या वहीत त्याचे नाव नव्हते. ते असते आणि विम्याची वर्गणी भरलेली असती, तर १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने त्याची कमाईची ताकद किती गेली एवढेच पाहिले असते. बायको काय मिळवते, हे विचारले नसते.

नाक्यावरच्या मजुराला उरते ती १९८० सालची संजय गांधी निराधार अनुदान योजना. ऑक्टोबर २०२५ पासून तिच्यात अपंगांना दरमहा २५०० रुपये आहेत. अट अशी : अपंगत्व निदान ४० टक्के, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला ४१६७ सुद्धा नाही.

पहिल्या अटीत आमचा गवंडी सहज बसला. दुसरीचा हिशेब आम्ही त्याच्या घरी बसून मांडला. तो अंथरुणाला खिळल्यावर बायकोने चार घरची धुणीभांडी धरली. महिन्याचे सहा हजार, वर्षाचे बहात्तर हजार. झाले! नवरा पडला म्हणून ती कामाला गेली, आणि ती कामाला गेली म्हणून नवरा निराधार उरला नाही. शेजारी म्हणाले, "उत्पन्न कमी लिहा." बाई म्हणाली, "दादा, मी राबते ते खोटं कसं लिहू?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

सज्जनहो, दोष त्या बाईचा नाही, कचेरीतल्या कारकुनाचाही नाही, मापाचा आहे. संविधानाच्या ४१ व्या कलमात अपंगत्वात साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीप्रमाणे सांभाळावा, असे म्हटले आहे. हक्क माणसाचा, मग मोजायचे ते बायकोचे हात का? अपंगाचे स्वतःचे उत्पन्न पाहा, आणि औषधपाण्याचा, चाकाच्या खुर्चीचा खर्च वजा धरा, एवढेच आमचे मागणे आहे.

ते मान्य होईपर्यंत हात जोडून बसायचे नाही. जे अटीत बसतात, त्यांतले कित्येक कागदांच्या भीतीने घरीच राहतात. अपंगत्वाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा. हे जमवून अर्ज पनवेलच्या तहसील कचेरीत जातो. तुम्हां लिहित्यावाचत्या मंडळींना ही सकाळची दोन कामे. ज्याला जिना उतरता येत नाही, त्याला तो डोंगर आहे.

व्याख्यान ऐकून घरी जाल, तेव्हा आपल्या आळीत असा कोण आहे ते आठवा, आणि उद्या त्याचा एक कागद आणून द्या. याहून मोठे आभार आम्हांला नकोत.